टायरच्या दुकानातला नाताळ

अमेरिकेत डिसेंबर उजाडला की बिंग क्रॉस्बीचं ‘व्हाइट ख्रिसमस’ दुकानादुकानांतून वाजू लागतं. डेक्का कंपनीने हे गाणं मे १९४२ मध्ये, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, ध्वनिमुद्रित केलं. मात्र आज कानांवर पडतं ते बहुधा ते ध्वनिमुद्रण नसतंच. मूळ मास्टरवरून इतक्या तबकड्या काढल्या गेल्या, की तो झिजून निकामी झाला आणि मार्च १९४७ मध्ये क्रॉस्बीला तेच गाणं पुन्हा गावं लागलं. आरंभी बासऱ्या आणि चेलेस्टाची किणकिण ऐकू आली, तर हे दुसरं असं खुशाल समजावं. १९४२ च्या श्रोत्यांनी ऐकलेलं गाणं त्यांनी ऐकलं तसं हवं असेल, तर घराघरांत उरलेल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्याच धुंडाळाव्या लागतात. जगात सर्वाधिक खपलेल्या गाण्याची ही गत, तर न गाजलेल्यांची काय असेल? म्हणूनच जुनी नाताळगीतं जमवून, ती संगणकात उतरवून इतरांना ऐकवणाऱ्यांना नुसते हौशी म्हणणं मला पटत नाही. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेलं जतनाचं काम ते करतात, आणि कायद्याने त्यांना चोरांच्या पंगतीला बसवू नये.

त्यांचा खरा ऐवज क्रॉस्बी नव्हेच. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली आणि दशकभरात ती इतकी स्वस्त झाली, की जाहिरातीसाठी वाटणंही परवडू लागलं. १९६१ मध्ये गुडइयरने आपल्या टायरच्या दुकानांत एका डॉलरला नाताळगीतांची एलपी विकायला ठेवली. तबकडी कोलंबियाने तयार केलेली, गाणारे-वाजवणारे नामांकित. हेतू एवढाच, की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढावं. पुढच्याच वर्षी फायरस्टोन रिंगणात उतरली आणि दर नाताळाला नवा भाग काढण्याची चढाओढ लागली. या तबकड्या एवढ्या निघाल्या, की आजही जुन्या वस्तूंच्या दुकानांत त्या कवडीमोलाने मिळतात. दुर्मीळ नाहीत म्हणून व्यापाऱ्याला त्यांत रस नाही आणि नफा नाही म्हणून कंपनीला. जूली अँड्र्यूजने १९६६ मध्ये फायरस्टोनसाठी गायलेला संच आरसीए या रेकॉर्ड कंपनीने वर्षभरात आपल्या नावाने पुन्हा काढला, पण असं भाग्य मोठ्या नावांनाच लाभतं.

‘आता सगळंच मोबाइलवर मिळतं की,’ हा आक्षेप हमखास येतो. १८९० ते १९६४ या काळातल्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांची लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी पाहणी झाली. हक्कदारांनी त्यांपैकी सरासरी जेमतेम १४ टक्के पुन्हा उपलब्ध केल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात आढळलं. त्यानंतर चित्र सुधारलं, हे मान्य. तरी अनेक कलाकारांच्या मिश्र संचासाठी प्रत्येकाचे हक्क जुळवत बसावं, एवढी कमाई त्यात नसते. शिवाय मोबाइलवरचं गाणं कुठल्या ध्वनिमुद्रणाचं, हे सहसा कळत नाही. चांगला संग्राहक मात्र लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक भिंगाखाली वाचून नोंदवतो. तबकडी धुऊन काढतो, आणि ७८ च्या रुंद खाचेसाठी एलपीच्या सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लावतो. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त उचलते.

चोरीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंटरनेट अर्काइव्हने ७८ च्या तबकड्या सर्वांना मोफत खुल्या केल्या, तेव्हा २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी खटला भरला. त्यांच्या यादीत ‘व्हाइट ख्रिसमस’ही होतं. जे गाणं बाजारात सहज विकत मिळतं ते फुकट वाटण्याचं समर्थन मी करणार नाही. तिथे कंपन्यांची बाजू रास्तच होती. पण अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार १९६१ च्या त्या टायरवाल्या तबकडीलाही २०६७ च्या फेब्रुवारीपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे १०५ वर्षांहून अधिक! भारतीय कायदा ध्वनिमुद्रणाला ६० वर्षं देतो, आणि तेवढ्याने कोणी उपाशी मेल्याचं ऐकिवात नाही. त्याच अमेरिकन कायद्यात एक पळवाटही आहे. नीट शोध घेऊनही ध्वनिमुद्रण बाजारात सापडलं नाही, तर कॉपीराइट कार्यालयात नोटीस द्यायची. ९० दिवसांत हक्कदाराने हरकत घेतली नाही, तर नफा न घेता ते वापरता येतं. कायदा करणाऱ्यांना प्रश्न कळला होता, हे यातून दिसतं. फक्त ओझं चुकीच्या खांद्यावर पडलं. डॉलरभराच्या तबकडीतल्या एकेका गाण्याचा शोध हौशी माणसाने घ्यायचा, अर्ज आणि शुल्कही त्यानेच भरायचं, आणि हक्क दाबून बसलेल्या कंपनीने काहीच करायचं नाही. हे उलटं हवं. काही ठरावीक वर्षं गाणं बाजारात नसेल, तर ते पुन्हा काढण्याचा आपला इरादा कंपनीने नोंदवावा. तो नोंदवला नाही, तर विनामूल्य ऐकवणाऱ्याला मुभा असावी.