रेषेचा मान

डहाणू-तलासरीकडील वारल्यांच्या गेरूनें सारवलेल्या कुडाच्या भिंती ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस थोडक्या रेषांचें सामर्थ्य सांगावयास नको. वेळूच्या काडीनें, तांदळाच्या पिठानें दोन त्रिकोण जोडले कीं माणूस नाचूं लागतो! जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा २०१३ चा 'राजकन्या कागुयाची कथा' हा रेखाचित्रांचा बोलपट आम्हांस त्याच कुळींतला वाटतो. वेळूच्या पेरांत सांपडलेली ती मुलगी राजधानींतल्या वाड्यांतून पळत सुटते, तेव्हां रेषाहि तिच्यासारखीच बेभान होते. २०१५ सालीं ऑस्करच्या अंतिम पांचांत हा बोलपट होता. मान मिळाला तो अमेरिकन 'बिग हिरो ६' यास. गणकयंत्राच्या गुळगुळीत चित्रांवर परीक्षक भुलले, असें आमचें स्पष्ट मत आहे. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांस निदान २०११ सालीं पद्मश्री तरी लाभली. २०१८ च्या एप्रिलांत ताकाहाता निवर्तले, मे महिन्यांत मशे.