यागिएवोच्या पुतळ्यासमोरचं रिंगण

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात टर्टल पाँड नावाच्या तळ्याच्या काठी पोलंडचा राजा यागिएवो घोड्यावर बसलेला आहे. हात उंचावून त्याने दोन तलवारी डोक्यावर तिरप्या, एकमेकींना छेद देत धरल्या आहेत. १४१० सालच्या ग्रुनवाल्डच्या लढाईतल्या विजयाची ही खूण. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी याच पुतळ्यासमोर हौशी मंडळी जमतात आणि हातात हात गुंफून बल्गेरिया, ग्रीस, इस्रायल, रुमानिया अशा देशोदेशींची लोकनृत्यं नाचतात. रंगमंच नाही, ठरलेला पोशाख नाही. फिरायला आलेले लोक थबकतात, आणि त्यातलेच काही रिंगणात शिरतात.

पुतळा आणि नाच यांचा धागा एकाच ठिकाणी जुळतो. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात हा पुतळा पोलंडच्या दालनापुढे उभा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि पुतळा अमेरिकेतच राहिला. १९४५ मध्ये तो या पार्कात आला. पुढच्या वर्षीही चालू राहिलेल्या त्याच प्रदर्शनात १९४० साली मायकेल हर्मन आणि त्यांच्या पत्नी मेरी अ‍ॅन येणाऱ्या-जाणाऱ्यांना लोकनृत्यं शिकवत होते. तोवर स्थलांतरितांची प्रत्येक जमात आपले नाच बहुधा आपल्याच लग्नकार्यात, आपल्याच सभागृहात नाचत असे. हर्मन यांनी ते सगळ्यांसाठी खुले केले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘फोक डान्स हाउस’ चालवलं. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत साँग चँग या चिनी गृहस्थांनी १९३८ मध्येच असा गट उभा केला होता. १९४८ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला उन्हाळी नृत्यशिबिरही भरू लागलं.

काही नाच तर अमेरिकेतच जन्मले. १९४५ मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठात एका कार्यक्रमासाठी ग्रीक नाच बसवायचा होता, पण त्याची रेकॉर्ड मिळेना. मग तीच पावलं ‘मिसिर्लू’ या गाण्याच्या संथ चालीवर बसवली गेली. आज जगभरचे हौशी गट हा नाच नाचतात.

नवख्याला सर्वांत सोपा वाटतो तो ‘मायिम’. आजच्या इस्रायलमधल्या ‘नाआन’ या सामुदायिक वसाहतीत पाणी लागलं, त्या आनंदात १९३७ मध्ये हा नाच रचला गेला. रिंगण डावीकडे सरकतं. उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकायचा, डावा बाजूला, मग उजवा मागून, पुन्हा डावा बाजूला, तोही किंचित उसळून. एवढं चार वेळा झालं की सगळे मध्याकडे धावतात आणि हात हळूहळू वर जातात. दोन-तीन फेऱ्यांत पाय आपोआप पडू लागतात.

बाल्कन नाचांत मात्र लय कस पाहते. बल्गेरियाची ‘राचेनित्सा’ सात मात्रांची, विभागणी दोन-दोन-तीन. मॅसेडोनियाचा ‘लेस्नोतो’ही सातच मात्रांचा, पण तीन-दोन-दोन, म्हणजे आपला रूपक तालच. तबल्याची थोडी जाण असलेल्या मराठी माणसाला ही लय परकी वाटत नाही. चारच्या ठेक्यावर वाढलेल्यांना जिथे अडखळायला होतं, तिथे त्याला रूपक आठवला की पाऊल सापडतं.

या रिंगणाचे अलिखित नियम मला फार मोलाचे वाटतात. अनेक नाचांत रिंगण बंद नसतं, ओळ असते; ती बहुधा उजवीकडे सरकते आणि तिचा म्होरक्या उजव्या टोकाला असतो. त्याच्या पुढे जाऊन हात धरायचा नाही. नवख्याने डाव्या टोकाला जोडून घ्यायचं, किंवा ओळीच्या मागे उभं राहून जाणत्यांच्या पायांकडे बघत शिकायचं. म्हणजे शिकणाऱ्यामुळे नाच थांबत नाही, आणि नाच चालू आहे म्हणून शिकणाराही बाहेर राहत नाही. मोठमोठ्या संस्थांना न जमणारी ही गोष्ट इथे एका साध्या रिवाजाने साधते.

लोकनृत्य टिकवायचं म्हटलं की आपल्याला आधी स्पर्धा, परीक्षक आणि एकसारख्या साड्या आठवतात. मंगळागौरीचे खेळही आता बरेचसे मंचावर गेले आहेत. मंचावरचा सराव चोख असतो, त्यामागचे कष्टही खरे असतात. पण झिम्मा-फुगडी मुळात खेळणाऱ्यांसाठी होती, आणि पाय चुकणाऱ्या बाईलाही तिथे जागा होती. नाच जिवंत ठेवायचा असेल तर बघणाऱ्यांइतकीच नाचता न येणाऱ्यांनाही आत घेणाऱ्या ओळीची गरज आहे. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात गेलात तर रविवारची दुपार राखून ठेवा. पुतळा शोधा आणि ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन हात पुढे करा.