मुंबई आंदण आणणारी राणी इंग्लंडला का नकोशी झाली?

सिंधुदुर्ग 2025च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेल्यापासून किल्ल्याच्या उभारणीचा काळ पुन्हा बोलण्यात आला आहे. 1664 साली मालवणच्या कुरटे बेटावर पाया घातला जात होता, त्याच सुमारास गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय मुंबई इंग्रजांच्या ताब्यात देताना टाळाटाळ करत होता. ज्या लग्नात मुंबई आंदण ठरली, त्यातली नवरी पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ब्रागांझा, आणि नवरा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. आपल्या इतिहासात ती त्या आंदणापुरतीच उरली, हा तिच्यावर अन्यायच आहे. इंग्लंडच्या प्रजेला ती आवडली नाही, याचं कारण ‘परकी होती’ असं एका दमात सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पुढे राणी झालेल्या ॲनचा नवरा जॉर्ज डेन्मार्कचा होता, पण प्रोटेस्टंट असल्याने त्याच्या परकेपणाचा कुणी बाऊ केला नाही.

कॅथरीन कॅथलिक होती, आणि तिचा पाळणा रिकामा राहिला. ही दोन कारणं वेगवेगळी मोजली, तर तिच्याविषयीचा राग कळतच नाही. तिचे गर्भपात झाले, मूल एकही जगलं नाही. दुसऱ्या चार्ल्सला अनौरस मुलं बरीच असल्याने दोष आपोआप तिच्या माथी आला. औरस वारस नाही म्हणजे गादी राजाच्या भावाकडे, जेम्सकडे जाणार. आणि जेम्स कॅथलिक झालेला. म्हणजे राणीच्या वांझपणातून लोकांना उद्याचा कॅथलिक राजा दिसत होता. म्हणूनच 1678 मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने कॅथलिकांच्या कटाची कहाणी रचली, आणि राणीने राजावर विषप्रयोगाचा घाट घातल्याचा आरोप झाला, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणारे भेटले. राजाने मात्र तिला सोडलं नाही.

कुणी म्हणेल, हुंड्याने निराशा केली हेच खरं कारण. ठरलेल्या रकमेपैकी काही भाग रोखीऐवजी साखर आणि मालाच्या रूपात आला, आणि मुंबई तर राजाने 1668 मध्ये वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पण ही कुरकुर दरबाराची. लग्नानंतर सोळा वर्षांनी तिच्यावर उठलेल्या लोकांना त्या हिशेबाशी काय देणंघेणं? त्यांना धास्ती होती ती वारसाची. जेम्सला वारसाहक्कातून वगळायची विधेयकंही लगेचच पार्लमेंटात आली. राणीवर हात टाकणं त्याआधी सोपं होतं. राजाला हात लावायची हिंमत कुणात नव्हती.

1692 मध्ये ती मायदेशी परतायला निघाली. 1704-05 मध्ये स्पेनच्या वारसायुद्धाच्या धामधुमीत आजारी भावाऐवजी पोर्तुगालचा कारभार तिने हाकला. तिथे तिच्या धर्माची कुणाला भीती नव्हती, आणि वारस देण्याची जबाबदारीही तिच्यावर नव्हती.