कुरडईचा चोथा आणि नाश्त्याचं सॉसेज

घरी गव्हाच्या कुरडया होत असतील तर तुम्ही पाहिलं असेल: भिजवून वाटलेले गहू पिळून चीक काढतात आणि उरलेला चिवट चोथा टाकून देतात किंवा गुरांना घालतात. आज आपल्याला काम आहे ते त्या चिवटपणाशी. माझ्या रूममेटने मांसाहार सोडलाय, पण इंग्रजी नाश्त्यातलं सॉसेज काही तिच्या डोक्यातून जात नाही.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि जाळं तयार होतं, तेच ग्लुटेन. ते पाण्यात विरघळत नाही, स्टार्च मात्र धुऊन जातो. बोलोन्याच्या बेक्कारी यांनी १७२८ साली हेच दाखवलं होतं.

अर्धा किलो मैदा घट्ट मळून तासभर ठेवा. मग पातेल्यातल्या पाण्यात चोळा, पाणी बदलत राहा. (पहिलं दुधाळ पाणी फेकू नका, तो चीकच आहे!) पाणी जवळजवळ नितळ झालं की हातात साधारण दीडशे ग्रॅम रबरी गोळा उरतो.

पहिल्यांदा मी तो गोळा तसाच खळखळत्या पाण्यात टाकला. फुगून स्पंज झाला, आणि चव खोडरबराची. कारण जाळं सैल होतं, त्यात पाणी आणि वाफ शिरली. शिवाय नुसतं ग्लुटेन म्हणजे सलग जाळं. ते मध्येमध्ये तुटायला हवं. म्हणून दुसऱ्या वेळी अर्धी वाटी शिजवून कोरडा केलेला राजमा, मिरी, बडीशेप, लसूण, मीठ आणि दोन चमचे थिजलेलं खोबरेल घालून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवलं. फॉइलमध्ये करकचून गुंडाळून मोदकपात्रात चाळीस मिनिटं वाफवलं. गुंडाळी घट्ट असल्यामुळे फुगायला जागाच नाही. प्रथिनं दाटपणे सेट होतात. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, मग चकत्या करून तव्यावर तांबूस परता.

राजमा फक्त पोतासाठी नाही. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यात भरपूर. बी-१२ मात्र यात नाहीच. त्यामुळे दूध-अंडीही सोडली असतील तर ते वेगळं घ्यावं लागेल. आणि सिलिअॅक असलेल्यांनी याच्या वाटेला अजिबात जाऊ नये.

रूममेटने तीन चकत्या खाल्ल्या. "मीठ कमी आहे," म्हणाली, आणि चौथी घेतली.