जुन्या जीपचा कार्बोरेटर आणि नवे पेट्रोल

पेट्रोलवर चालणारी जुनी जीप किंवा पिकअप काही आठवडे उभी राहिली, की सुरू होताना कुरकुर करते. धक्का मारून चालू झालीच तर स्लोवर बंद पडते, चढावर दम टाकते आणि पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षा अधिक पिते. ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला’ हे यावरचे गॅरेजमधील ठरलेले निदान. ते कधी बरोबर असते, कधी अर्धवट. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात आज पिकअप म्हटली की ती बहुधा डिझेलचीच. तिला कार्बोरेटर नसतोच. त्यामुळे हा भाग उघडून नीट जोडणारे हात कमी होत चालले आहेत. दुसरीकडे पंपावरचे पेट्रोलच बदलले आहे. जुन्या गाड्या जपणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी ठाऊक असणे म्हणूनच गरजेचे झाले आहे.

महिंद्रने १९४७ पासून विलिज जीपची जुळणी भारतात सुरू केली. त्या घराण्यातील जीप आणि पिकअप गाड्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात माणसे वाहिली, तसा शेतमालही वाहिला. पुढे इंधनाच्या खर्चापायी अनेक मालकांनी त्यांत डिझेल इंजिन बसवून घेतले. ज्या गाड्या पेट्रोलवरच राहिल्या, त्यांच्यासोबत कार्बोरेटरही राहिला. मारुतीच्या ओम्नी आणि जिप्सीचे जुने नमुनेही याच पठडीतले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाक्यांमधूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला.

काम एक, वाटा अनेक

पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण करून इंजिनाला देणे हे कार्बोरेटरचे काम. जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याने १८९३ च्या सुमारास पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर तयार केला. आजही तत्त्व तेच आहे. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर खेचले जाते. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर येतो; कमी झाले तर इंजिन तापते आणि अडखळते.

मात्र हे काम एकाच वाटेने होत नाही. स्लोसाठी वेगळा जेट, वेगासाठी मुख्य जेट, अॅक्सिलरेटर एकदम दाबला असता जादा पेट्रोल देणारा छोटा पंप, थंड इंजिनासाठी चोक आणि या सर्वांना एका पातळीवर पेट्रोल पुरवणारी फ्लोटची वाटी, अशी ही रचना असते. म्हणूनच गाडी नेमकी केव्हा त्रास देते, यावरून दोष कोणत्या वाटेत आहे हे ओळखता येते.

पेट्रोल बाहेर सांडत असेल तर फ्लोटला भोक पडलेले असते किंवा नीडल नीट बसत नसते. स्लोवर बंद पडणारी, पण अॅक्सिलरेटर दाबून ठेवल्यास चालणारी गाडी स्लो जेट तुंबल्याचे सांगते. पाय दाबताच क्षणभर गचका बसत असेल तर छोट्या पंपाचा पडदा तपासावा. गाव सोडून रस्त्याला लागल्यावर जोर मिळत नसेल तर मुख्य जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा संशयास्पद ठरतो. स्लो कितीही कमी केला तरी इंजिन वर-खाली होत राहिले, तर बुडातील गॅस्केटमधून किंवा झिजलेल्या थ्रॉटलच्या दांड्याजवळून हवा चोरली जात असते.

पाना हाती घेण्यापूर्वी

कार्बोरेटरला दोष देण्याआधी प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर तपासावेत. ठिणगीचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जाणे ही नित्याची गोष्ट आहे. प्लगचा रंगही बोलका असतो. काजळीचा काळा थर मिश्रणात पेट्रोल अधिक असल्याचे, पांढरट टोक ते कमी असल्याचे आणि फिकट तपकिरी रंग प्रमाण योग्य असल्याचे दाखवतो. त्यानंतर हवेचा फिल्टर, पेट्रोलचा फिल्टर आणि पंपाचा पडदा पाहावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो. इंजिनालगतच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला, तर बंद पडलेली गाडी थंड झाल्यावर आपोआप चालू होते. तेथे कार्बोरेटर उघडून काहीच साधत नाही.

उघडावाच लागला तर आधी बॅटरीची तार काढावी आणि काम मोकळ्या हवेत, विडी-सिगारेटपासून दूर करावे. सर्व दांड्या व स्प्रिंगांची छायाचित्रे घेऊन ठेवल्यास जोडताना अडत नाही. जेट साफ करताना तार घालू नये, ही सर्वांत महत्त्वाची सूचना. सोलेक्स पद्धतीच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तारेने ते किंचित जरी रुंदावले तरी प्रमाण कायमचे बिघडते. जेट क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने फुंकावा. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले, तर तो फुटलेला समजावा. रबरी भाग मात्र क्लीनरमध्ये टाकू नयेत.

जुळणी करताना नीडल, पडदे आणि गॅस्केट यांचे नवे किट वापरावे. फ्लोटची उंची गाडीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणेच ठेवावी. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत बसवून साधारण दीड फेरा मागे घ्यावा. जोर लावल्यास टोक खराब होते. इंजिन पुरते गरम झाल्यावर तो फिरवून सर्वांत स्थिर चाल शोधावी. याचा संबंध थेट पीयूसीशी आहे. बीएस-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नीट लावलेला जुना कार्बोरेटर त्या मर्यादेत बसू शकतो.

आणखी एक सवय सोडायला हवी. गाडी लवकर चालू व्हावी म्हणून बाटलीने उघड्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतून स्टार्टर मारला जातो. इंजिनाने उलटा भडका मारला तर हात, चेहरा आणि गाडी तिन्ही पेटू शकतात.

इथेनॉलचा प्रश्न

देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये हे प्रमाण देशभर गाठले गेले. या इथेनॉलचा मोठा स्रोत ऊस. मांजरा खोऱ्यातील ऊसपट्ट्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ऊस उत्पादकाच्या हिताचे हे धोरण त्याच्याच दारातील जुन्या जीपला मात्र जड जाऊ शकते.

कारण साधे आहे. इथेनॉलला जळण्यास पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. एका किलोला सुमारे ९ किलो. इंजेक्शनच्या गाडीतील संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो छिद्रातून जाईल तेवढेच देतो. परिणामी शुद्ध पेट्रोलवर लावलेल्या गाडीत मिश्रण सुमारे सात टक्क्यांनी पातळ होते. त्याची भरपाई करायची तर छिद्राचे क्षेत्रफळ तेवढे वाढायला हवे, म्हणजे व्यास साधारण साडेतीन टक्क्यांनी. १२० च्या जागी १२५ चा जेट हे त्याच्या जवळपासचे उत्तर ठरते. तरीही बदल प्लगचा रंग पाहूनच करावा, अंदाजाने नव्हे. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी लावलेल्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात दिला होता.

दुसरा परिणाम रबरावर होतो. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे आणि काही गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल हवेतील ओलही शोषते. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसून जस्त-अॅल्युमिनियमच्या वाटीत पांढरा गंज धरू शकतो. त्यावर उपाय खर्चिक नाहीत. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि किट मागून घ्यावे, दीर्घकाळ उभी राहणार असल्यास गाडीच्या कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे आणि फिल्टर वेळेवर बदलावा. नळी चिकट लागली वा तिला भेगा दिसल्या, तर ती त्याच दिवशी बदलावी. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल आगीला आमंत्रण असते.

जुनी गाडी भंगारात काढायची की जपायची, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि गरजेचा प्रश्न. परंतु तो निर्णय तुंबलेल्या स्लो जेटमुळे किंवा फुगलेल्या एका पडद्यामुळे होऊ नये. कार्बोरेटरचे दोष डोळ्यांना दिसतात आणि हातांनी दुरुस्त करता येतात. ते ओळखणारे कारागीर आहेत तोवर त्यांच्याकडून हे काम शिकून घेण्याची संधीही आहे.