फरशीचा कटर आणि नाकावरचा टॉवेल

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, नव्या इमारतीत फरशीचं काम निघालं की चार घरं पलीकडे कळतं. कटर किंचाळतो, खिडकीतून पांढरा धुरळा बाहेर पडतो आणि आत मिस्त्री नाकाला टॉवेल गुंडाळून स्कर्टिंगच्या पट्ट्या कापत बसलेला असतो. टॉवेल अस्सल सोलापुरी, अंग पुसायला उत्तम. पण या धुळीपुढे तो म्हणजे जाळीचं दार.

डोळ्यांना दिसणारी धूळ जाड असते. ती नाकाघशात अडकते, शिंकेवाटे, बेडक्यावाटे पडून जाते. घात करते ती न दिसणारी. पाच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरतात. टाइल होते माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ भाजून. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका, ती शरीरात विरघळत नाही. हे कण गिळायला आलेल्या पेशीच मरतात, तिथे वण धरतात आणि फुप्फुस ताठर होत जातं. हाच सिलिकोसिस. तो बहुधा दहा-वीस वर्षांनी उघडा पडतो, काम सोडल्यावरही वाढू शकतो आणि तो बरा करणारं औषध नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली ही धूळ कर्करोगकारक ठरवली आहे.

सोलापूरला धुळीचं दुखणं नवं नाही. गिरण्यांत कापसाचा भुसा होता, विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरात तंबाखूचा खकाणा आहे. फरशीवाला त्या मानाने सुटलेला होता. शेजारच्या शहाबादची फरशी चुनखडीची, शिवाय छिन्नी-हातोड्याने घडवायची; त्यात कपच्या उडत. आता ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल, आणि मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणारं ब्लेड. ते दगडाचं पीठच करतं.

उपाय ठाऊक सगळ्यांना आहे: पाणी. पण बिगारी साध्या ग्राइंडरवर बाटलीने धार धरतो, ते बघून शॉकचीच भीती वाटते, आणि ती रास्त आहे. पाण्यासाठीच बनवलेलं कटिंग मशीन वेगळं मिळतं. ते आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर, असलेल्या लाइनवरच चालवावं. सरळ काप तर हाताने ओढायच्या कटरवर जवळजवळ धुळीविना होतात. मास्क एन-९५ हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढीवर तो नीट बसत नाही. काम संपल्यावर कोरडा झाडू मारला की खाली बसलेलं सगळं पुन्हा हवेत. ओल्या फडक्याने पुसावं, चिखलही वाळायच्या आत उचलावा.

यात मिस्त्रीला दोष देणं मला पटत नाही. ‘रंग खराब होईल, पाणी सांडू नका’ म्हणणारे आपणच, घरमालक. गच्चीतला एक कोपरा कापायला दिला आणि ओल्या मशीनचं भाडं दरात धरलं, तर खर्चात फार फरक पडत नाही. बसवून झालेल्या टाइलची मात्र धास्ती नको. कापल्या-फोडल्याशिवाय तिची धूळ होत नाही.

मिस्त्रींनीही एक करावं. खोकला हटत नसेल, चढताना धाप लागत असेल, तर कटरवर किती वर्षं काढली हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं. सिलिकोसिस एक्स-रेत टीबीसारखा दिसू शकतो, आणि तो असलेल्याला टीबी धरतोही लवकर. म्हणून तपासणी दोन्हींची व्हायला हवी.