विश्लेषण : पावणेदोनशे वर्षांपूर्वीची उपासमार दातांत कशी सापडली?

आयर्लंडमधील किल्केनी शहरात २००६ मध्ये झालेल्या उत्खननात किमान ९७० जणांचे सांगाडे सापडले. १८४७ ते १८५१ या काळात तेथील वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयस्थानात, मरण पावलेल्यांना तेथे सामूहिकरीत्या पुरले होते. बटाट्यावरील करप्यामुळे १८४५ पासून पडलेल्या या दुष्काळाने सुमारे १० लाख बळी घेतले. या उपासमारीचा पुरावा बळींच्या हाडांत आणि दातांत शिल्लक आहे.

स्थिर समस्थानिक म्हणजे काय?

एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. जे किरणोत्सर्ग करत नाहीत, ते स्थिर. उदाहरणार्थ, कार्बन-१३ हा कार्बन-१२ पेक्षा जड, तर नायट्रोजन-१५ हा नायट्रोजन-१४ पेक्षा जड. अन्नातील हे अणू हाडे व दातांतील कोलॅजेन या प्रथिनात साठतात. त्यांचे प्रमाण मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रावर मोजतात.

त्यावरून आहार कसा कळतो?

मका, ज्वारी, बाजरी, ऊस यांत कार्बन-१३ चे प्रमाण बटाटा, गहू, तांदळापेक्षा जास्त असते. नायट्रोजन-१५ अन्नसाखळीत वर जाताना वाढते. त्यामुळे ते जास्त दिसले, की त्या व्यक्तीच्या आहारात मांस-मासे भरपूर होते, असा अर्थ सहसा काढला जातो.

मग अडचण कुठे?

उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू झिजवून जगते. अशा वेळीही नायट्रोजन-१५ वाढते. म्हणजे भुकेने खंगलेल्या माणसाचा आकडा पोटभर मांस खाणाऱ्यासारखा दिसू शकतो.

किल्केनीत काय आढळले?

ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या ज्युलिया बोमाँट आणि डरहॅम विद्यापीठाच्या जॅनेट माँटगोमेरी यांचा अभ्यास २०१६ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हाड सतत नव्याने घडत असल्याने त्यात अनेक वर्षांची सरासरी मिळते. दातातील डेंटिन मात्र थराथराने वाढते आणि नंतर फारसे बदलत नाही. म्हणून ज्यांचे दात मृत्यूच्या वेळी वाढत होते, अशा मुलांच्या दातांत दुष्काळाचा क्रम उमटला. आधी बटाट्याचा आहार, मग नायट्रोजन-१५ मध्ये वाढ, म्हणजे उपासमार. पुढे मदत म्हणून अमेरिकेतून आणलेला मका पोटात गेल्यावर कार्बन-१३ वाढले आणि नायट्रोजन-१५ उतरले.

आजाराचे नाव कळते का?

केवळ समस्थानिकांवरून नाही. शरीरावर ताण आला, एवढेच ते सांगतात. किल्केनीतील अनेक सांगाड्यांवर स्कर्व्हीच्या खुणाही आढळल्या. हा आजार 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. बटाट्यातून ते मिळत होते, मदतीच्या मक्यातून जवळपास नाही. म्हणजे मका मिळाल्यावर भूक शमली, तरी हा आजार टळला नाही.

याचे महत्त्व काय?

या बळींपैकी बहुतेकांची स्वतःची लेखी नोंद उरलेली नाही. नुसता नायट्रोजनचा आकडा पाहिला, तर त्यांची गणना खाऊनपिऊन सुखी लोकांत झाली असती. म्हणूनच हाड, दात आणि आजाराच्या खुणा एकत्र वाचाव्या लागतात.